रोज रात्रीची नायट्रोफ्युरँटोइन, न हटणारा खोकला आणि वाढलेलं एसजीपीटी

अबोली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्रच असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आईचं वय सत्तरीच्या पुढे. तिला सारखं युरीन इन्फेक्शन व्हायचं. लघवीला जळजळ, अर्ध्या अर्ध्या तासाला बाथरूम, कल्चरमध्ये दरवेळी ई. कोलाय हाच जंतू. एक कोर्स संपतोय न संपतोय तोच दुसरा सुरू. शेवटी युरॉलॉजिस्टनी रोज रात्री झोपताना नायट्रोफ्युरँटोइन या अँटिबायोटिकची १०० मिलीग्रॅमची एक गोळी दिली. खोटं कशाला बोलू, त्या गोळीने कमाल केली. इन्फेक्शन थांबलं, आई निर्धास्तपणे घराबाहेर पडायला लागली. पुढच्या भेटीत "चालू ठेवा" असं सांगितलं गेलं, तसं आम्ही चालू ठेवलं. थांबवायची कधी, हा विषयच निघाला नाही. बघता बघता वर्ष उलटून गेलं.

मग कोरडा खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसती ढास. आधी ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, मग सिरप, मग ॲसिडिटीचं औषध. बीपीच्या गोळीने खोकला येतो म्हणून तीही बदलून झाली. तरी जिना चढला की दम लागायचा. ईको केला, हृदय व्यवस्थित. "वय झालं आता," हे आईचं स्वतःचंच निदान. मध्येच कधीतरी नेहमीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी आणि एसजीओटी हे लिव्हरचे आकडे दोन्ही वाढलेले आले. त्यावर "फॅटी लिव्हर असेल" म्हणून सोनोग्राफी. म्हणजे लघवीचे डॉक्टर वेगळे, खोकल्याचे वेगळे, लिव्हरचे वेगळे, आणि प्रत्येकाकडे आमची वेगळी फाईल.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायला लावली. एकेक उलटून बघत ते या गोळीपाशी थांबले. "ही किती दिवस घेताय?" म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून लगेच एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, लिहिला. दोन्ही फुप्फुसांत सूज आणि थोडं व्रणासारखं जाळं दिसतंय. गोळी त्याच दिवसापासून बंद.

प्रश्न असे: फुप्फुसं पूर्ववत होतात का? खोकला आणि लिव्हर दोन्ही याच एका गोळीमुळे असू शकतं का? आणि इन्फेक्शन पुन्हा आलं तर करायचं काय?

टिपकागद

बाप रे. आईंना लवकर आराम पडो. क्रिएटिनिन किती आहे त्यांचं? हे औषध किडनीवाटेच बाहेर जातं, म्हणून विचारतोय.

कुंपण

हे वाचून घाबरलोय. बायकोला कालच ही गोळी सुरू झाली आहे, दिवसातून दोनदा, पाच दिवस. धागा वाचल्यावर संध्याकाळची गोळी तिने बाजूला ठेवली. घ्यायची की नाही? कुणी डॉक्टर असेल तर कृपया लवकर सांगा.

स्टेथो

छातीच्या विकारांचा डॉक्टर, आता निवृत्त. पेशंट न बघता नेटवर सल्ला द्यायचा नसतो, त्यामुळे फक्त सर्वसाधारण बोलतो. आधी कुंपण यांना, कारण त्यांची गोळी टेबलावर पडली आहे.

पाच दिवसांचा कोर्स आणि वर्षभर रोज रात्री एक गोळी, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनसाठी नायट्रोफ्युरँटोइन हे आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे आणि बहुतेकांना ते विनातक्रार सोसतं. त्रास काही नसेल तर धागा वाचून कोर्स अर्धवट सोडू नका, आणि मनात शंका असेल तर ज्यांनी लिहून दिलं त्यांना आत्ता फोन करा. मात्र हे औषध चालू असताना अचानक ताप, थंडी, खोकला, छातीत दुखणं किंवा धाप, यातलं काही सुरू झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता अबोलीताई. हो, दोन्ही एकाच गोळीने होऊ शकतं, आणि एकाच पेशंटमध्ये एकाच वेळी होऊ शकतं. अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत कितीतरी वर्षांपासून छापून येत आहेत.

फुप्फुसाचा त्रास दोन तऱ्हांनी येतो. पहिली तऱ्हा तडकाफडकी. औषध सुरू केल्यापासून सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप, कधी अंगावर पुरळ. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या सापडतात, एक्स-रेवर डाग दिसतात. ही ॲलर्जीची जातकुळी. बघणाऱ्याला न्यूमोनियाच वाटतो. औषध थांबवलं की बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो.

दुसरी तऱ्हा चोरपावलाने येणारी. सहसा सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ औषध घेतलेल्यांमध्ये, आणि त्यातही उतारवयाच्या बायकांमध्ये. कारण दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्यांत त्याच जास्त असतात. ताप बहुधा नसतोच. कोरडी ढास, चढावर दम, थकवा, कधी वजन उतरणं. हे इतकं हळू वाढतं की पेशंट स्वतःच्या हालचाली नकळत कमी करत जातो आणि दम लागतोय हेच विसरतो. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की दोन्ही बाजूंना तळाशी, श्वास आत घेताना शेवटी शेवटी बारीक करकर ऐकू येते. वेल्क्रोची पट्टी उघडताना येतो ना, थेट तसा आवाज. एकदा ऐकला की डॉक्टर तो विसरत नाही, पण त्यासाठी पाठीवर स्टेथोस्कोप टेकवून पेशंटला खोल श्वास घ्यायला लावावा लागतो. घाईच्या ओपीडीत तेवढंच राहून जातं.

सुरुवातीला साधा एक्स-रे फसवू शकतो, म्हणून एचआरसीटी. सोबत पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, त्यातही डीएलसीओ नावाची चाचणी, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ते कळतं. आणि सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती घसरतो ते बघायचं. बसल्या जागी ९६ दाखवणारा ऑक्सिमीटर चालल्यावर ८८ वर आलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

उपचारातली मुख्य गोष्ट तुमच्या डॉक्टरांनी केली आहेच, औषध बंद. सूज जास्त असेल तर काही जण स्टिरॉइड देतात. त्याचा नक्की किती उपयोग होतो यावर आमच्यात एकमत नाही, कारण नुसतं औषध थांबवूनही बरेच पेशंट सुधारतात. जी सूज आहे ती ओसरते. जिथे व्रण पक्के झालेत तो भाग तसाच राहू शकतो. सीटीच्या रिपोर्टमध्ये 'ग्राउंड ग्लास' (धूसरपणा, बहुधा सूज) शब्द जास्त असतील तर आशेला जागा जास्त, 'हनीकोंबिंग' (मधाच्या पोळ्यासारखे पक्के व्रण) लिहिलं असेल तर कमी. सुधारणा आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजायची.

कुंपण

आभारी आहे डॉक्टर. फोन केला, त्यांनीही चालूच ठेवायला सांगितलं. गोळी घेतली.

तिरकस

एवढं सगळं होतं तर हे औषध बाजारात आहेच कशाला? दुसऱ्या कुठल्या धंद्यात असा माल खपला असता का? पण कंपन्यांचं भलं व्हायला हवं ना.

खलबत्ता

तिरकसभाऊ, कंपन्यांवर राग काढायला दुसरी पुष्कळ औषधं आहेत. हे १९५३ सालचं जुनं, पेटंट कधीच संपलेलं औषध आहे. यातून कुणी गब्बर होत नाही. मी फार्मासिस्ट आहे, पोट याच धंद्यावर आहे, तेव्हा हे पूर्वग्रहासकट घ्या.

ते टिकून राहिलं याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. तोंडाने घेतल्यावर रक्तात ते फारसं साठत नाही, भराभर लघवीत उतरतं आणि तिथे त्याचं प्रमाण भरपूर होतं. म्हणून मूत्राशयाच्या इन्फेक्शनला उत्तम, आणि म्हणूनच किडनीपर्यंत पोचलेल्या इन्फेक्शनला निरुपयोगी. जंतूच्या आत गेल्यावर जंतूचीच एन्झाइम्स त्याचं रूपांतर करतात आणि त्यातून तयार होणारे घटक एकाच वेळी प्रथिनं, डीएनए, सगळ्यांवर तुटून पडतात. इतक्या आघाड्यांवर एकदम बचाव करणं जंतूला जड जातं, त्यामुळे सत्तर वर्षं वापरूनही ई. कोलाय याला फारसा सरावलेला नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचं काय झालं ते कल्चर रिपोर्टमध्ये रांगेने दिसणाऱ्या 'आर'वरून (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) कळतंच.

गोम अशी की त्याच प्रकारची क्रिया थोड्या प्रमाणात आपल्या पेशींतही होते. तिथे ऑक्सिजनशी गाठ पडून घातक रेणू तयार होतात आणि पेशीचा बचावाचा साठा खर्ची पडतो. फुप्फुसात ऑक्सिजनला तोटा नाही, आणि यकृताकडे तर औषधांची विल्हेवाट लावायचं कामच आहे. पाच दिवसांत हे सहसा निभावून जातं. महिनोन्‌महिने चाललं की काहींना महाग पडतं. नेमकं कुणाला, ते आधी ओळखता येत नाही.

टिपकागद यांनी किडनीचं विचारलं ते बरोबरच आहे. किडनी मंद असेल तर औषध लघवीत पुरेसं पोचत नाही आणि रक्तात वाढतं, म्हणजे फायदा कमी आणि त्रास जास्त. ब्रिटनमध्ये ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ४५ च्या खाली असेल तर हे टाळायला सांगतात. ३० ते ४४ असेल आणि जंतूवर दुसरं काही चालत नसेल तरच थोडे दिवस, जपून. वयस्कर माणसाचं क्रिएटिनिन नॉर्मल दिसतं पण वय धरून हिशेब केला की ईजीएफआर घसरलेला निघतो, हे काउंटरवर रोजचं आहे. हातापायांना मुंग्या, बधिरपणा हाही याचाच एक दुष्परिणाम आणि किडनी कमजोर असलेल्यांत त्याचा धोका अधिक. तो मागे न हटणारा असू शकतो, म्हणून मुंग्या सुरू झाल्या की थांबायचं.

आणखी एक. जळजळ कमी व्हावी म्हणून लघवी अल्कधर्मी करणारं सिरप बरेच जण बरोबरीने पितात. हे औषध आम्लधर्मी लघवीत चांगलं चालतं. म्हणजे एक हात गाडी ढकलतोय आणि दुसरा ब्रेक दाबतोय. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अँटासिडही नको. गोळी मात्र जेवणाबरोबर घ्यावी, मळमळ कमी होते आणि शोषणही नीट होतं. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात हे देत नाहीत.

निरांजन

स्टेथो यांनी सांगितलेली पहिली तऱ्हा मी भोगली आहे, म्हणून लिहिते.

वय चाळिशीतलं, तब्येत ठणठणीत. आधी कधीतरी हीच गोळी घेतली होती, तेव्हा कोर्सच्या शेवटी अंगात कणकण आणि थोडा खोकला आला. व्हायरल असेल म्हणून सोडून दिलं. काही महिन्यांनी पुन्हा इन्फेक्शन, पुन्हा तीच गोळी. सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत दात वाजायला लागले. दोन पांघरुणं घेऊनही थंडी थांबेना. मग ताप चढला, छाती आवळल्यासारखी झाली, एक वाक्य पुरं बोलायला मध्ये श्वास घ्यावा लागत होता. ॲडमिट केलं, एक्स-रेवर दोन्हीकडे खाली धूसर, न्यूमोनिया म्हणून सलाईनमधून वेगळं अँटिबायोटिक सुरू. आता दुसरं अँटिबायोटिक सुरू झाल्यामुळे नायट्रोफ्युरँटोइन आपोआप बंद झाली, आणि मी बरी झाले. श्रेय अर्थातच न्यूमोनियाच्या औषधाला! डिस्चार्जच्या वेळी एका निवासी डॉक्टरने इओसिनोफिलचा आकडा बघून मागचा इतिहास खोदून काढला, तेव्हा कुठे खरं कारण समोर आलं. ती मुलगी नसती तर तिसऱ्यांदाही मी हीच गोळी घेतली असती.

स्टेथो

निरांजन, अगदी पुस्तकात असते तशी केस. शरीराला एकदा ओळख पटली की दुसऱ्या वेळी आठवड्याची वाट बघावी लागत नाही, काही तासांत प्रतिक्रिया येते. स्वीडनमध्ये या औषधाच्या दुष्परिणामांच्या ९२१ नोंदींचं विश्लेषण १९८० मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यात असे तातडीचे फुप्फुसाचे त्रास आणि त्वचेची वगैरे ॲलर्जी यांचाच मोठा वाटा होता. चोरपावलाचा प्रकार आकड्याने कमी, पण नुकसान करण्यात वरचढ.

यकृत_साफ

लिव्हरच्या सर्व तक्रारींवर शंभर टक्के खात्रीचं वनस्पतीजन्य औषध. विपू (विचारपूस) करा.

टिपकागद

विपू केली आहे, संपादकांना. ज्यांचं लिव्हर आधीच सुजलंय त्यांच्या धाग्यावर हे विकायला येता? वनस्पतीजन्य औषधांनीही लिव्हर खराब होतं, त्याच्याही केसेस आहेत.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आईचा ईजीएफआर ५८ आहे.

लिव्हरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कावीळ नाही, बिलिरुबिन ठीक आहे, पण एसजीपीटी नॉर्मलच्या पाचपट. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. एएनए नावाची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि आयजीजी नावाची अँटिबॉडी वाढलेली आहे. त्यांनी "ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र" असं लिहिलंय. म्हणजे हा वेगळाच आजार निघाला का? आई आता "एक संपत नाही तर दुसरं" म्हणून हिरमुसली आहे.

पिंपळपान

अबोली, घाबरू नकोस. हाच शब्द आमच्या मावशीच्या कागदावर होता आणि औषधही हेच. मी लिव्हरच्या विभागात काम करते, डॉक्टर नाही, पण हे रिपोर्ट रोज हाताखालून जातात.

नायट्रोफ्युरँटोइनमुळे यकृताला होणारी इजाही दोन प्रकारची असते. सुरुवातीच्या आठवड्यांत येणारी एक. दुसरी महिन्यांनी किंवा कित्येकदा वर्षांनी येणारी, आणि ती हुबेहूब ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते त्या आजाराचा, मुखवटा घालून येते. तेच एएनए, तेच आयजीजी, कधी स्मूथ मसल अँटिबॉडीही पॉझिटिव्ह. बायोप्सी केली तरी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वेगळे ओळखणं कठीण. फरक कळतो तो पुढच्या वाटचालीत. औषधामुळे असेल तर औषध थांबवल्यावर आकडे उतरतात आणि उतरलेलेच राहतात. खऱ्या ऑटोइम्यूनमध्ये स्टिरॉइड कमी केलं की बहुतेकदा पुन्हा उसळतात. म्हणून तुमचे डॉक्टर दर थोड्या आठवड्यांनी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करायला सांगतील, ते चुकवू नका. एसजीपीटी खाली येत नसेल किंवा बिलिरुबिन चढायला लागलं तर मग बायोप्सी, स्टिरॉइड वगैरे विचार होतो. मावशीचे आकडे काही महिन्यांत नॉर्मल झाले, स्टिरॉइड लागलं नाही.

पण सगळ्यांचं इतकं सोपं नसतं. खूप उशिरा लक्षात आलं आणि गोळी चालूच राहिली तर सिऱ्हॉसिसपर्यंत गेलेले पेशंट आहेत, यकृत निकामी होऊन दगावलेलेही आहेत. प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही.

यात एक फसगत होते ती सांगायलाच हवी. या गोळीने लघवी गडद पिवळी ते तपकिरी होते आणि ते निरुपद्रवी असतं, पाकिटातल्या कागदावरही लिहिलेलं असतं. काविळीतही लघवी गडदच होते. मावशी कितीतरी दिवस "गोळीचा रंग आहे" म्हणून निवांत होती. तेव्हा रंगावर जाऊ नका. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात बघा. अंगाला खाज, भूक मरणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही असेल तर एलएफटी.

खलबत्ता

पिंपळपान, रंगाचा मुद्दा लाखमोलाचा. काउंटरवर मीही "लघवीचा रंग बदलेल, घाबरू नका" एवढंच सांगत आलोय, आता "डोळे पिवळे दिसले तर मात्र या" हेही जोडेन.

अबोलीताई, ईजीएफआर ५८ म्हणजे मनाई नव्हती. डोस म्हणाल तर दीर्घकाळासाठी ५० ते १०० देतात. म्हणजे कागदावर सगळं नियमात होतं.

तिरकस

तेच तर म्हणतोय! सगळं नियमात होतं आणि तरी माणूस आजारी पडलं. मग जबाबदारी कुणाची? युरॉलॉजिस्ट म्हणणार लघवी बघणं माझं काम, छातीवाले म्हणणार मला कुणी सांगितलं नाही.

स्टेथो

तिरकस, या वेळी तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. ही गोळी जो लिहितो त्याला तिचा दुष्परिणाम सहसा दिसत नाही आणि ज्याला दुष्परिणाम दिसतो त्याला ती गोळी माहीत नसते. पेशंटला विचारलं "काही औषधं चालू आहेत का?" तर तो बीपीची सांगतो, शुगरची सांगतो. रोज रात्रीची अँटिबायोटिक त्याच्या लेखी औषध राहिलेलीच नसते, सवय झालेली असते.

नियमांत याची सोय आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की वारंवार होणाऱ्या युरीन इन्फेक्शनसाठी रोजची अँटिबायोटिक दिली असेल तर निदान दर सहा महिन्यांनी तिचा फेरविचार करावा. तिथल्याच एमएचआरए या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये नायट्रोफ्युरँटोइनबद्दल डॉक्टरांना पुन्हा आठवण करून दिली: फुप्फुस आणि यकृताच्या त्रासाची लक्षणं पेशंटला आधी सांगा, दीर्घकाळ घेणाऱ्यांवर लक्ष ठेवा, विशेषतः वयस्करांवर, आणि श्वासाचा त्रास दिसला की औषध लगेच थांबवा. अमेरिकेत वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची जी बीअर्स यादी आहे, तिच्यातही दीर्घकाळ प्रतिबंधासाठी हे औषध नको असंच लिहिलंय. सत्तर वर्षांच्या औषधाबद्दल २०२३ मध्ये आठवण करून द्यावी लागते यातच काय ते आलं.

अवांतर: हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना देतात ते अमिओडॅरोन आणि संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, हीदेखील फुप्फुस आणि यकृत दोन्हीला त्रास देऊ शकणारी औषधं. पण ती देताना अमुक महिन्यांनी एलएफटी, तमुक वेळी एक्स-रे असा रिवाज पडला आहे. नायट्रोफ्युरँटोइन 'साधी लघवीची गोळी' असल्यामुळे तिच्याबाबतीत तो रिवाज पक्का झालेला नाही.

गोधडी

मी इथे नवीन. दर वर्षी दोनदा तरी मला हे इन्फेक्शन होतंच. अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड जास्त सुरक्षित ना मग? तेच मागून घ्यावं म्हणते.

पिंपळपान

गोधडी, लिव्हरच्या बाबतीत तर नाहीच! औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांत अमोक्सिक्लॅव्हचं नाव कितीतरी देशांच्या नोंदींत अगदी वरच्या क्रमांकावर असतं. गंमत म्हणजे कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही त्याची कावीळ येऊ शकते, त्यामुळे कुणाला संबंध लक्षातच येत नाही. बहुतेक जण पूर्ण बरे होतात, पण 'सुरक्षित म्हणून मागून घ्यायचं' असं ते औषध नाही. मिनोसायक्लिननेही ऑटोइम्यूनसारखा हिपॅटायटिस होतो. कुठली अँटिबायोटिक हे कल्चर आणि डॉक्टर ठरवतील.

खडीसाखर

अबोलीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, माझ्याकडे हा प्रश्न रोजचा आहे.

पहिलं म्हणजे इन्फेक्शन खरंच होतंय का ते बघा. उतारवयात तक्रार काही नसताना लघवीत जंतू सापडणं अगदी सर्रास असतं. नुसत्या कल्चर रिपोर्टला औषध द्यायचं नसतं. जळजळ, घाई, ओटीपोटात दुखणं असेल तरच. 'वारंवार' म्हणायचं ते सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा खरं इन्फेक्शन झालं तर.

दुसरं, आणि याबद्दल बोलायला बायका लाजतात म्हणून इथे स्पष्ट लिहिते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गातले चांगले जंतू घटतात, आम्लता जाते आणि ई. कोलायला रान मोकळं मिळतं. यावर योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. त्याने इन्फेक्शनं कमी होतात हे चांगलं सिद्ध झालेलं आहे आणि रक्तात ते फार कमी उतरतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोलायचं. वर्षभर अँटिबायोटिक घेतलेल्या पण हे क्रीम कुणी सुचवलंच नाही अशा बायका माझ्याकडे येतात तेव्हा चिडचिड होते.

तिसरं, मेथेनामिन हिप्युरेट. ही अँटिबायोटिक नाही. आम्लधर्मी लघवीत तिचं फॉर्मल्डिहाइड होतं आणि जंतू मरतात. ब्रिटनमध्ये २४० बायकांवर झालेल्या आल्टर नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रोजच्या कमी मात्रेच्या अँटिबायोटिकपेक्षा ही फार मागे पडत नाही असं त्यात दिसलं.

पाण्याचं म्हणाल तर, रोज दीड लिटरहून कमी पिणाऱ्या तरुण बायकांनी दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर वर्षभरात सरासरी १.७ इन्फेक्शनं झाली आणि पाणी न वाढवणाऱ्यांना ३.२, असा २०१८ चा एक नेटका अभ्यास आहे. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलंय त्यांनी मात्र हे करू नये.

खलबत्ता

खडीसाखरताई, एक पुरवणी. मेथेनामिन यकृत नीट नसेल तर देत नाहीत, कारण तिच्यातून अमोनियाही निघतो. अबोलीच्या आईंचं एसजीपीटी पाचपट आहे, तेव्हा आत्ता लगेच नको.

खडीसाखर

बरोबर. त्यांच्या बाबतीत आधी क्रीम, आणि इन्फेक्शन आलंच तर कल्चर पाठवून तेवढ्यापुरता छोटा कोर्स. फॉस्फोमायसिनचा ३ ग्रॅमचा एकच डोस बऱ्याच जणींना पुरतो.

गोधडी

आणि क्रॅनबेरी?

खडीसाखर

वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये थोडा उपयोग होतो असं कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात आलंय. वृद्धाश्रमांतल्या वयस्करांमध्ये मात्र फायदा दिसला नाही. घ्यायचं तर घ्या, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

अबोली

बऱ्याच दिवसांनी येतेय, क्षमस्व.

एसजीपीटी आता दुपटीवर आलंय, आयजीजीही उतरतंय. लिव्हरच्या डॉक्टरांनी बायोप्सी सध्या पुढे ढकलली. खोकला दिवसा जवळजवळ नाही, रात्री आडवं झाल्यावर थोडा येतो. सहा मिनिटांच्या चालण्यात ऑक्सिजन पहिल्यांदा ८९ ला गेला होता, या वेळी ९३ च्या खाली नाही गेला. सीटी पुन्हा काही महिन्यांनी. स्टिरॉइड थोडे दिवस दिलं होतं, कमी करत आणलंय. तेवढ्यात शुगर वाढली, ते वेगळंच.

मध्ये एकदा इन्फेक्शन आलंच. आईने पहिलं काय केलं असेल? कपाटातून जुनी नायट्रोफ्युरँटोइनची स्ट्रिप काढली. "हिनेच मला बरं वाटायचं," म्हणाली! हातातून काढून घेतली. कल्चर पाठवलं, फॉस्फोमायसिनच्या एका डोसवर भागलं. क्रीमही सुरू केलंय, आधी "या वयात हे काय" म्हणून नाराज होती, आता स्वतःच आठवण करते.

स्टेथोकाका, एक विचारायचं होतं. ॲलर्जी म्हणून फाईलवर नक्की काय लिहून घ्यायचं? आमच्याकडे एकाने फक्त ब्रँडचं नाव लिहिलंय.

स्टेथो

ब्रँड खोडा. याच औषधाची ढीगभर ब्रँडनावं आहेत. मूळ नाव लिहा, नायट्रोफ्युरँटोइन, आणि पुढे काय झालं ते: "दीर्घ वापरानंतर फुप्फुस व यकृताला इजा, पुन्हा देऊ नये." नुसतं 'ॲलर्जी' लिहिलं की पुढचा डॉक्टर पुरळ आलं असेल समजून दुर्लक्ष करतो. साल लिहा. तिन्ही फायलींवर लिहा. आणि ती स्ट्रिप नष्ट करा, कपाटात परत ठेवू नका. तुमच्या डॉक्टरांनी औषध नियामकांकडे दुष्परिणामाची नोंद केली आहे का तेही विचारा, बहुतेक देशांत पेशंटला स्वतःलाही ती करता येते.

निरांजन

मी पाकिटात घडी घालून ठेवते तो कागद. फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसणाऱ्या आपत्कालीन माहितीतही टाकता येतो, ते पण करा.

कुंपण

बायकोचा कोर्स कधीच संपला, ठीक आहे ती. पण धागा वाचून वडिलांच्या गोळ्या तपासल्या. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर सुरू झालेली हीच गोळी, ५० ची, रोज रात्री, अजून चालू आहे. खोकला वगैरे काही नाही. सोमवारी त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. एलएफटी आणि ईजीएफआर आधीच करून नेऊ का, की ते सांगतील तसं?

खलबत्ता

करूनच न्या. आणि पहिलं प्रिस्क्रिप्शन सापडलं तर तेही घ्या, गोळी कधी सुरू झाली ते त्यावर असेल.